पेढ्याच्या वाटीखाली

माझ्या सासूबाई, यमुताई, अचानक गोड बोलायला लागल्या आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. याच बाईने तिसऱ्या महिन्यात घर डोक्यावर घेतलं होतं. "पोटुशी बाई मनाच्या गोळ्या खाते काय वं? लेकराले लागतीन त्या!" गोळी माझ्या नैराश्यावरची होती. सीताबर्डीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि आता रोज जेवण झालं की यमुताई स्वतः गोळी नि पाणी घेऊन हजर!

गोळ्या माझा नवरा अनिश आणायचा. पाकिटावरचं नाव वाचून नातेवाईक चौकशा करतात, म्हणून त्या सोलून स्टीलच्या डबीत भरायचा. किती जपतो मला, असं मी कौतुकाने सांगायचे.

पण माझी झोप उडाली. बाळ लाथ मारायचं आणि मला काहीच वाटायचं नाही. त्या 'काहीच नाही'ची मला फार भीती वाटायची. सगळे म्हणायचे, सातव्यात होतं असं. एकदा जुन्या पर्समध्ये पाकिटातली एक गोळी सापडली. डबीतली तिच्यापेक्षा चांगलीच मोठी होती.

डोहाळजेवणाला बायकांनी दोन वाट्या उपड्या घातल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. पाहुण्या गेल्यावर मी त्याच वाट्यांखाली त्या दोन गोळ्या ठेवल्या आणि यमुताईंना बोलावलं. मला चोर रंगेहाथ पकडायचा होता.

"उचला, आई."

त्यांनी दोन्ही उचलल्या. चष्मा लावून पाहिलं. "ह्या येगयेगळ्या काहून हायेत वं? मी तं अनिशच्या डबीतलीच देतो. पहिले गोळी घेत होती तं हसत होती तू, मंग हसनं बंद झालं. मंग मीच म्हटलं, चुकू नये म्हणून हातानं द्यावं."

अनिश दारातच उभा होता.

"कॅल्शियमच्या आहेत," तो खाली बघत म्हणाला. "मोबाइलवर वाचलं होतं, बाळाच्या मेंदूले त्रास होते म्हणून. सांगितलं असतं तं तूनं आयकलं असतं काय?"

यमुताईंनी पायात चपला सरकवल्या. "चल वं मयुरा, डॉक्टरीणबाई बसल्या असतीन अजून."

"मी गाडी काढतो," अनिश म्हणाला.

"राहू दे. आमी आटोनं जातो."

डॉक्टरीणबाईंनी तपासून गोळी पुन्हा सुरू केली. घरी आल्यावर पाकीट मी स्वतः फोडलं. अनिशने पाण्याचा पेला पुढे केला. मी तो मोरीत ओतला आणि माठातून दुसरा भरून घेतला.