गाळलेली ओळ

आमच्या घरात मनातल्या मनात वाचायचं नाही. हा नियम मला अक्षरओळखीबरोबरच मिळाला, आणि ‘का’ असं विचारायचं नाही हेही त्यातच आलं. विचारलंच तर बाबा चष्मा कपाळावर सरकवून “ही घराची रीत आहे” एवढंच म्हणायचे, आणि आत्या म्हणायची, “देवानं तोंड दिलंय ना? मग वापर की.”

रीत कुठून आली असावी हे मला कळत होतं, निदान कळतंय असं वाटत होतं. बाबा आणि आत्या दोघंही आयुष्यभर एकाच छापखान्यात प्रुफं तपासत होते. आत्या मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, नवा परिच्छेद, सगळं उच्चारत, आणि समोर बसलेले बाबा छापलेल्या कागदावर पेन्सिलीचं टोक फिरवत चुका टिपायचे. छापखाना बंद पडला, दोघं घरी बसले, पण वाचन चालूच राहिलं. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी औषधाच्या बाटल्यांवरच्या सूचना, काहीच नाही मिळालं तर साबणाच्या वेष्टनावरचा मजकूर. पुढे आत्याला मोतीबिंदू झाला, तेव्हा ती पाठ असलेलं म्हणू लागली. लग्न होऊन आलेली आई शिवणकाम करायची. तीही मशीनवर वाकून गिऱ्हाइकांची मापं अखंड पुटपुटायची. शांतता अशी आमच्या घरात कधी नसेच. मैत्रिणी घरी आल्या की मी मरणाची शरमायचे.

कॉलेजात तर या रीतीने माझी पुरती शोभा केली. अभ्यासिकेत भूगर्भशास्त्राचं जाडजूड पुस्तक उघडून मी नकळत कुजबुजायला लागायचे, तेही विरामचिन्हांसकट, आणि मागच्या टेबलावरून खसखस पिकायची. वर्गात माझं नाव ‘स्वल्पविराम’ पडलं. “अगं स्वल्पविराम, जरा थांब ना,” असं म्हणून पोरं स्वतःच्याच विनोदावर लोळायची. शेवटी ग्रंथपाल बाई माझ्याजवळ येऊन वाकल्या आणि फार मायेने म्हणाल्या, “ओठ मिटून वाचता येतं गं. प्रयत्न कर.” त्या मायेने मी जितकी मेले तितकी त्या हसण्याने मेले नव्हते.

मग मी शिकले. दातात पेन्सिल धरून, जीभ टाळूला दाबून. पानगळीचे शेवटचे दिवस होते, अभ्यासिकेबाहेरची झाडं जवळजवळ उघडी झाली होती आणि दुपार कलतानाच आत दिवे लावावे लागत होते. खडकांचे थर, त्यांचे प्रकार, प्रात्यक्षिकाच्या वह्या असं सगळं उरकलं की मी स्वतःला बक्षीस म्हणून एक कादंबरी उघडायचे. एक विधवा बाई आणि तिच्याकडे भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला येणारा माणूस. आवाजाशिवाय वाचताना ती माणसं माझ्या इतकी जवळ यायची की मला राग यायचा, इतकी वर्षं हे माझ्यापासून काढून घेतलं होतं म्हणून. मोठ्याने वाचलेलं सगळ्यांचं असतं. हे फक्त माझं होतं.

सुट्टीच्या दिवशी अभ्यासिका बंद असल्याने मी ती कादंबरी घरी आणली. खोलीचं दार लोटून घेतलं, खडकांचं पुस्तक समोर उघडं ठेवलं आणि त्याच्या आडोशाने, ओठ घट्ट मिटून, दुपारभर वाचत बसले. बाहेरच्या खोलीतली नेहमीची बडबड मधेच कधीतरी अगदी हळू झाली होती. ते माझ्या लक्षात आलं, पण मला बरंच वाटलं.

चहाच्या वेळी आत्या कप चाचपत म्हणाली, “त्या बाईनं दार उघडायला नको होतं.”

“कोणत्या बाईनं?”

“त्या घड्याळवाल्याला. ओळख ना पाळख, आणि सरळ आत घेते. नवरा जाऊन वर्ष तरी झालंय का?”

माझ्या डोक्यात सणक गेली. “माझी बॅग उघडलीस तू?”

“मला मेलीला समोरचा कप दिसत नाही,” आत्या म्हणाली, “तुझं ते बारीक टायपाचं पुस्तक कुठून दिसणार?”

बाबा चहात बघत होते. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, “लागोपाठ दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होतात, तिथे नजर घसरते. एक ओळ गाळलीस तू.”

मी उठून खोलीत गेले. पान सापडायला वेळ लागला नाही, कारण ते मी दोनदा वाचलं होतं. घड्याळवाल्याचा हात त्या बाईच्या पाठीवरच्या बटणांशी आहे, तिथे खरंच दोन ओळी ‘तिने’ या शब्दाने सुरू होत होत्या, आणि वरची मी वाचलीच नव्हती. कानांच्या पाळ्या भाजल्यासारख्या झाल्या. ओळ गाळली ते मला कळलं नव्हतं, आणि बाबांना कळलं होतं. म्हणजे बाकीच्या ओळी त्यांनी ऐकल्या होत्या. दोनदा.

परत बाहेर आले तेव्हा आत्या आपल्याच तंद्रीत बोलत होती. “आणि मधेच तो मागच्या बाकावरचा कोण? मानेवर तीळ असलेला? मला वाटलं, पुढे त्याचं काहीतरी येईल. पण तो आलाच नाही.”

तो पुस्तकात नव्हता. माझ्या वर्गात होता.

“छान लिहिलंय पण,” आई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. “त्यातली ती आई. संसारात मिठासारखी विरघळून गेलेली, चवीपुरती उरलेली. आणि आपलं असं व्हायचं नाही म्हणून तिच्याकडे बघायचं टाळणारी ती लेक. फार खरं वाटलं मला.”

दोरा काही केल्या ओवला जात नव्हता. मी पुढे होऊन ओवून द्यायला हवा होता. त्या कादंबरीत आई नव्हतीच कुठे.

त्यानंतर मी कादंबरी घरात आणली नाही. घरी फक्त खडक वाचायचे, तेही एकेक शब्द मुठीत धरल्यासारखा, दोन शब्दांमध्ये दुसरं काही शिरू नये म्हणून. पण मन असं दाबून ठेवलं की ते नेमकं नको तिथे उसळतं. बाबांच्या कॉलरचा कुबट वास, आत्याच्या कवळीचा आवाज, ही माणसं अजून किती वर्षं अशीच, आणि मग पुढचं, जे कोणी स्वतःशीही पुरतं म्हणत नाही. अशा वेळी बाहेरच्या खोलीतलं वाचन क्षणभर अडखळायचं आणि बाबा जरा जास्तच चढ्या आवाजात वर्तमानपत्रातला बाजारभाव पुढे सुरू करायचे. जेवताना मला वाढताना आईचा हात पूर्वीइतकाच सैल असायचा. तेच मला सोसवत नव्हतं. तिने एकदा तरी झिडकारायचं होतं मला.

तीळवाल्याने वही मागितली तर मी त्याच्याकडे मान वर करून पाहू शकले नाही. एकच आधार होता, की अभ्यासिका घरापासून लांब आहे. अख्खं गाव मधे आहे. तिथे बसून मी एका संध्याकाळी कादंबरी संपवली, चेहरा कोरा ठेवून, आणि थंडीत हात चोळत घरी आले.

तिघंही बाहेरच्या खोलीत बसले होते. बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

“शेवटी घाई केलीस,” ते म्हणाले. “शेवटची पानं नुसती उलटलीस.”

मी बॅग खांद्यावरून काढलीच नाही. “तुम्ही तिथपर्यंत...”

“ओरडू नकोस,” आई म्हणाली.

“मी अजून ओरडले नाहीये.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे ओलसर आणि लहान दिसत होते. “आजपासून पुन्हा मोठ्याने वाचत जा. इथे बसून. पूर्वीसारखं. मोठ्याने वाचलं की फक्त पुस्तकच ऐकू येतं.”

“आणि नाही वाचलं तर? काय ऐकू येतं, ते तरी सांगा. एकदा तोंडाने बोला की!”

“कशाला बोलायला लावतेस गं,” आत्या म्हणाली. तिचा आवाज इतका थकलेला मी कधी ऐकला नव्हता. “लाज काय तुझ्या एकटीच्याच वाट्याला आलीय? आम्ही काय हौसेनं बडबडतो दिवसभर?”

तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण लाजेची एक पातळी असते, तिच्यापलीकडे माणूस सरळ चिडतो. माझ्या डोक्यात जे जे आलं होतं ते सगळं या तिघांनी ऐकलं होतं, चहा पिता पिता, शिवता शिवता ऐकलं होतं, आणि आता मला वळण लावत होते.

“नाही वाचणार,” मी म्हणाले. “आज नाही, उद्या नाही. मी माझ्या मनात वाचणार, आणि मनात येईल ते येईल. तुम्हाला ऐकवत नसेल तर तो तुमचा प्रश्न. आणि तुमचीही ही अखंड वटवट बंद करा आता. एकदा तरी गप्प बसा सगळे.”

बाबांच्या मांडीवरून वर्तमानपत्र घसरलं. ते उचलायला ते वाकले नाहीत. आत्याचं तोंड उघडं होतं, ते तिने मिटलं. शिवणाचं मशीन थांबलं, आणि मला आठवत होतं तेव्हापासून पहिल्यांदाच आमच्या घरात कोणाचाही आवाज उरला नाही.

आई दचकली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने हाताला लागला तो रिळाचा खोका डोळ्यांसमोर धरला, त्यावर काहीतरी छापलेलं असेल म्हणून. खोका कोरा होता. तिने तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि मग हळूच मांडीवर ठेवून मान खाली घातली.

तिघांचेही ओठ मिटलेले होते. मला ऐकू येऊ लागलं.