तात्याबाच्या घराची किल्ली

पाचगणीच्या बाजारातून वर चढणाऱ्या एका अरुंद रस्त्यावर जवान वसाहत लागते. नाव भारदस्त असलं तरी घरं मोजकीच. पलटणीतून निवृत्त झालेल्या माणसांनी ती बांधली, दारात गुलाब लावले आणि उरलेलं आयुष्य गार वाऱ्यात शांतपणे काढायचं ठरवलं. त्या शांतपणाचं पुढं काय झालं, ते लालासाहेबाला विचारावं.

एकेक म्हातारा देवाघरी तरी गेला नाहीतर पोरांकडे तरी, आणि त्याच्या मागं त्याच्या घराचा व्हिला झाला. गुलाब उपटून तिथं पोहायचा हौद आला. शनिवार उजाडला की मोटारी रस्ता अडवून उभ्या, आणि रात्री गाणी अशी वाजायची की लालासाहेबाच्या मांडणीवरची ताटं थरथरायची. हौद भरायला टँकर यायचे, वसाहतीच्या नळाला मात्र करंगळीएवढी धार. परवाना एकाकडेही नव्हता. राहती घरं म्हणून बांधलेली ही घरं दिवसाच्या भाड्यानं चालली होती आणि विचारायला गेलं तर शेजारी आता कोण आहे हेच कळत नव्हतं, कारण तो दर दोन दिवसांनी बदलायचा.

लालासाहेब सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. त्यानं राहिलेल्या चार घरांना गोळा केलं. त्यातल्याच राजेश्वरीबाईंना बरोबर घेतलं. त्या एका निवासी शाळेत मुलींच्या वसतिगृहावर होत्या, आणि त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं तरी माणूस अजून शर्टाचं बटण लावतो. दोघांनी मिळून नगरपालिकेत तक्रार दिली, हेलपाटे घातले, शेवटी सुनावणी लागली. लालासाहेबाला बऱ्याच वर्षांनी मोहिमेवर निघाल्यासारखं वाटत होतं. त्यानं बूटसुद्धा पॉलिश करून ठेवले.

खरं सांगायचं तर या भांडणानं त्याला जगवलं होतं. बायको जाऊन बराच काळ झाला होता, लेक जावयाच्या बदलीमुळं आसामात. दिवस लांबलचक. बोलायला हक्काचा माणूस एकच होता, शेजारचा तात्याबा. दोघे एकाच दिवशी भरती झालेले, एकाच पलटणीत राहिलेले, आणि भिंतीला भिंत लावून घरं बांधलेले. पण तात्याबाचे गुडघे थंडीत धरायला लागले आणि पोरगा ऋषिराज त्याला कराडला घेऊन गेला. निघताना तात्याबानं घराची किल्ली लालासाहेबाच्या हातात ठेवली.

"थंडी सरली की येतोच," तो म्हणाला. "तवर घराकडं बघ गड्या."

एक थंडी सरली, दुसरीही सरली. लालासाहेबानं घराकडं बघितलं, म्हणजे अगदी संतरीच्या इमानानं बघितलं. खिडक्या उघडायच्या, कढीपत्त्याला पाणी घालायचं, गाद्यांना ऊन दाखवायचं. तात्याबा आला आणि त्याला कोंदट वास आला, असं होता कामा नये. दर रविवारी तात्याबाचा फोन यायचा. तो कधी येणार हे लालासाहेब विचारायचा, आणि तात्याबा गुडघ्यांचं सांगत बसायचा.

मध्यंतरी तात्याबाकडचे पाहुणे यायला लागले. पहिल्यांदा एक जोडपं आलं, ऋषिराजनं पाठवलंय आणि किल्ली तुमच्याकडं आहे म्हणालं. लालासाहेबाला आनंद झाला. आता आमच्याकडं पाहुण्याची एक रीत आहे. दारात आलेल्याला आधी पाणी, मग चहा, मग गाव विचारायचं. कोण, कशाला आलात, हे त्यानं आपणहून सांगितलं तर ऐकायचं. आणि कधी जाणार, हे तर चुकूनही विचारायचं नाही. लालासाहेब या रीतीतला पक्का. त्यानं पाणी दिलं, चहा दिला, गाव विचारलं. ते पुण्याचं निघालं. तात्याबाची सून पुण्याची. म्हणजे सुनेकडचे असणार, त्यानं मनाशी जुळवून टाकलं.

मग नाशिकचे आले, मुंबईचे आले, एकदा तर सुरतेचे आले. सुनेच्या माहेरचा गोतावळा असा किती पसरलाय, असा प्रश्न दुसऱ्या कुणालाही पडला असता. लालासाहेबाला तो पडला नाही, कारण त्याला तो पडू द्यायचा नव्हता. दार वाजलं की तो टोपी सारखी करून उठायचा. पाहुण्यांना तात्याबाच्या गोष्टी सांगायचा आणि कुणाच्या पोराला स्ट्रॉबेरी द्यायचा. ही मंडळी गोंगाटही करत नसत, कारण पहिल्या चहालाच तो त्यांना बजावायचा, इथं सगळी वयस्कर माणसं राहतात. राजेश्वरीबाईंनी एकदा विचारलं, तेव्हा त्यानं ठणकावून सांगितलं की हे भाड्याचे नव्हेत, तात्याबाच्या घरचे आहेत. सुभेदारानं सांगितलं म्हटल्यावर त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात सृष्टी नावाची एक मुलगी मैत्रिणींबरोबर आली. गोड पोरगी. सकाळी लालासाहेबानं केलेले पोहे खाऊन तिनं ताटली स्वतः विसळून ठेवली आणि म्हणाली, "काका, चेकआउट अकराचं आहे ना? आणि नाश्त्याचे वेगळे द्यायचे की भाड्यात धरलेत?"

लालासाहेबाला आधी कळलंच नाही. मग तिनं मोबाइल पुढं केला. पडद्यावर तात्याबाचं घर होतं, त्याचा कढीपत्ता होता, रात्रीचं भाडं होतं, आणि खाली येऊन गेलेल्यांनी लिहिलेलं होतं. शेजारचे केअरटेकर काका फार प्रेमळ आहेत, चहा जरूर घ्या. एकानं त्याचा फोटोही टाकला होता, हातात किटली घेतलेला. लालासाहेबानं मुलीला नाश्त्याचं काही नको म्हणून सांगितलं. ती गेल्यावर तो बराच वेळ ओट्याला धरून उभा राहिला. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली राग, आणि रागाच्याही खाली काहीतरी होतं, ते फार एकटं होतं. ज्या धंद्याविरुद्ध तो गावभर बोलत हिंडला होता, त्यातलं एक दुकान तो स्वतः चालवत होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो निघाला आणि कराडला पोचला. तात्याबा तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसला होता, पाय स्टुलावर. ऋषिराज कामावर गेला होता. लालासाहेबानं किल्ली खिशातून काढून दोघांच्या मध्ये ठेवली. पोरगं तुला फसवतंय, एवढंच तो म्हणाला.

तात्याबानं किल्लीकडं बघितलं नाही. "फसवतंय कुठलं," तो म्हणाला. "मला ठावं हाय."

लालासाहेबानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मीच सांगितलं त्याला, किल्ली लालाकडंच ठिव म्हणून. मी आता येत न्हाई रं लाला. हे जिनं उतराय दोन माणसं लागत्यात मला, तिथला चढ कसा चढू? तुला सांगायचं धाडस झालं न्हाई. म्हटलं, मी न्हाई तर न्हाई, कुणी ना कुणी दार तरी वाजवंल तुझं."

बाहेर हायवेवरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते. मग तात्याबानं हळूच विनंती केली, की बाकीच्या घरांचं काय ते करा, पण माझं तेवढं वगळ, पोराला त्याचा हातभार आहे. लालासाहेबानं हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. सुनेनं वाढलेलं जेवण तो जेवला आणि किल्ली उचलून परत आला. एसटीत त्याला तात्याबाचा एवढा राग आला होता की खिडकीतून दिसणारं काहीच त्याला दिसत नव्हतं. दोन वर्षं तो एका न येणाऱ्या माणसाच्या गाद्या उन्हात घालत होता.

सुनावणीला खोली भरली होती. व्हिलावाल्यांचा वकील, त्यांची दोन-चार माणसं, आणि समोर वसाहतीची म्हातारी टोळी. राजेश्वरीबाईंनी एकेका घराचं नाव घेऊन सगळं मुद्देसूद मांडलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, एवढीच ना? बाई हो म्हणाल्या. तात्याबाचं घर त्यात नव्हतं, कारण ते घर सुभेदाराच्या शब्दावर सुटलं होतं. लालासाहेब खाली बुटांकडे बघत होता. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं, कुणाला काही कळणार नव्हतं. घर राहिलं असतं, तात्याबा राहिला असता, दार वाजत राहिलं असतं.

तो उठून उभा राहिला.

"अजून एक हाय साहेब," तो म्हणाला. "तात्याबाचं घर. किल्ली मीच देत हुतो."

राजेश्वरीबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. एरवी माणूस ज्या नजरेनं गळपटायचा, ती ही नजर नव्हती. त्यांनी त्याच्यासाठी खुर्ची थोडी पुढं ओढली.

पावसाळ्याआधी सगळी भाड्याची घरं बंद झाली. ऋषिराज येऊन किल्ली घेऊन गेला. तो ‘काका’ म्हणाला, पण बसला नाही, पाणीही घेतलं नाही. नळाला चांगलं पाणी यायला लागलं. वसाहतीत इतकी शांतता झाली की संध्याकाळी धुकं उतरलं की आपल्याच घराचं फाटक कुरकुरलेलं आपल्याला ऐकू येई. यासाठीच तर भांडलो, असं लालासाहेब स्वतःला सांगायचा. रविवारचा फोन मात्र बंद झाला होता.

श्रावणातल्या एका रविवारी तो वाजला. लालासाहेबानं उचलला. पलीकडं नुसता श्वास होता, तो त्यानं लगेच ओळखला.

"पोरगं अजून बोलत न्हाई मला," तात्याबा म्हणाला. "किल्ली तुझ्याकडं ठिवाय लावली म्हणून रागावलाय लय. मी बी रागावलो हुतो."

"व्हय," लालासाहेब म्हणाला.

पलीकडं हायवे वाजत होता, इकडं काहीच वाजत नव्हतं.

"लाला," तात्याबानं विचारलं, "आता कोण येतंय रं तुझ्याकडं?"

लालासाहेबानं दाराकडं बघितलं. दार आतून लावलेलं होतं, कडी सकाळपासून तशीच होती.

"येत्यात की," तो म्हणाला. "आत्ताच चहा ठेवलाय बघ."

तात्याबानं बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर लालासाहेब उठला आणि त्यानं खरोखरच चहा ठेवला.