स्प्रिंगचा नळ

"माय, दाब ना. काय पाहून राह्यली?"

गोपाल जरा मोठ्यानेच बोलला आणि मारुतीच्या पारासमोर जमलेलं अर्धं गाव रुखमाबाईंकडे बघायला लागलं. पाण्याच्या नव्या टाकीला हार घातला होता, नारळ फुटला होता, आणि पहिला तांब्या भरायचा मान सरपंच सत्यभामाबाईंनी गोपालच्या आईला दिला होता. असल्या कामाला विधवा बाईला पुढे करत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सत्यभामाबाईंनाही ठाऊक होतं. पण ज्याने नळ घडवले त्याच्या आईनेच पहिलं पाणी घ्यावं, असं त्यांनी माइकवरून जाहीर करून टाकलं, आणि त्यांच्यापुढे बोलायची छाती गावात कोणाची नव्हती.

रुखमाबाईंनी एका हाताने तांब्या नळाखाली धरला आणि दुसरा तळवा नळावर ठेवला. नळ हलला नाही.

तो हलणारही कसा? आधीच्या टाकीचे नळ लोक उघडेच टाकून जायचे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात पाणी असं मातीत जाताना गोपालला बघवायचं नाही. म्हणून देऊळघाटच्या रस्त्यावरच्या आपल्या वेल्डिंगच्या दुकानात त्याने स्वतःच्या डोक्याने नवे नळ घडवले. वरून दाबलं की पाणी, हात काढला की बंद. आत स्प्रिंग घातली ती मोटारसायकलच्या स्टँडची. हत्ती बसला तरी काही व्हायचं नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. गावात हत्ती कधी आला नव्हता, पण कौतुक सगळ्यांनी केलं.

रुखमाबाईंनी तांब्या खाली ठेवला. दोन्ही हात नळावर ठेवून अंगाचा भार टाकला. पाण्याची एक चिळकांडी उडाली, लुगडं भिजलं, तांब्या कलंडून गडगडत लोकांच्या पायात गेला. मागे कोणीतरी हसलं. गोपालच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चार माणसांत उभं केलं की या बाईचे हातपायच गळतात, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला तिचा रागच आला.

"नळ चांगला हाय," रुखमाबाई सगळ्यांकडे बघून हसत म्हणाल्या. "माहंच ध्यान नव्हतं."

मग सत्यभामाबाई पुढे झाल्या, त्यांनी आपल्या भक्कम अंगठ्याने नळ दाबला, धार लागली, टाळ्या वाजल्या. फोटोही त्यांचाच निघाला.

रात्रीच्या जेवणाला गोपालने तोंडसुख घेतलं. तिने त्याची लोकांत शोभा केली, एवढा साधा नळ तिला दाबता आला नाही, असं तो बोलत राहिला. ताटात नेहमीप्रमाणे खिचडी होती. त्यावरूनही तो बोलला. हल्ली या घरात भाकरी दिसेनाशी झाली होती. रुखमाबाई म्हणाल्या, भाकरी आता पचत नाही त्यांना. घरात माणसं दोनच. गोपालची चाळिशी आली होती. मुली पाहून झाल्या, नकार येऊन झाले, आता घरात तो विषय निघत नसे. त्यामुळे त्याचं बोलणं थांबवणारं तिसरं कोणी नव्हतं. रुखमाबाई ऐकून घेत होत्या. दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले होते, आणि हे गोपालने रोज पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे नजरेसमोरून गेलं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात पोचल्यावर वेल्डिंगचा काळा चष्मा घरी राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं. तो परत आला, तर शेजारच्या विमलबाई त्याच्या स्वयंपाकघरात होत्या. धान्याच्या कोठीचं झाकण त्या दोन्ही हातांनी पिळून काढत होत्या. गॅस त्यांनी आधीच पेटवून ठेवला होता. मागच्या दाराची कडीही काढलेली दिसत होती.

ती कोठी गोपालनेच बनवली होती. उंदीर शिरू नये म्हणून झाकण असं घट्ट, की त्यालाही काढताना दंड फुगवावा लागे. मागच्या दाराची कडी त्यानेच बसवली होती, चोरांच्या भीतीने. गावात त्याच्या कड्यांचं नाव होतं.

काय झालं, असं त्याने विचारलं. विमलबाईंनी हात पुसले. त्या तोंडाच्या फटकळ होत्या, पण आज आवाज खालीच ठेवला.

"काय व्हायचं? रोजचंच हाय. तू दुकानावर गेला की मी येते. तू या घरात जे जे बसवलं, ते ते मी येऊन उघडते." मग न्हाणीघराकडे बघून त्या म्हणाल्या, "तिचे बोटं पाह्यले का तू कधी? वाताने पार वाकडे झाले. तुले सांगू नको म्हने. पोराचं मन मोडते म्हने."

गोपाल तिथेच उभा राहिला. शेजारणीला ठाऊक असलेली गोष्ट आपल्याला ठाऊक नसावी, आणि ती गोष्ट आपल्या आईचे हात असावी, याची त्याला इतकी लाज वाटली की विमलबाईंच्या तोंडाकडे बघवेना. काल सगळ्यांसमोर तिने नळाला चांगलं म्हटलं होतं, तेही त्याला आता ऐकू आलं. न्हाणीघराचं दार वाजलं. रुखमाबाई अंगाभोवती लुगडं घट्ट लपेटून बाहेर आल्या, त्याला पाहून थबकल्या आणि लगेच उलट आत गेल्या. त्याला वाटलं, कोठीचं झाकण उघडं दिसलं म्हणून आई वरमली.

त्या दिवशी त्याने गिऱ्हाइकाचं एकही काम घेतलं नाही. कोठीच्या झाकणाला त्याने मनगट अडकेल एवढं मोठं कडं लावलं आणि झाकण सैल केलं. कडीला लांब पट्टी जोडली, म्हणजे कोपराने ढकललं तरी सरकेल. गॅसच्या बटणावर पंख्यासारखा पत्रा बसवला. रुखमाबाई बाजूला बसून बघत होत्या. हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं नाही. कोणासाठी, तेही त्याने सांगितलं नाही. आईचे हात हातात घेऊन बघावे असं त्याला दोनतीनदा वाटलं, पण तेवढी हिंमत झाली नाही. लोखंडाशी बोलणं त्याला सोपं जाई.

मग टाकी. सगळे नळ काढून आणले, मोटारसायकलच्या स्प्रिंगा फेकल्या, नाजूक घातल्या आणि प्रत्येक नळाला हातभर लांबीची चपटी पट्टी लावली. पहिल्या दिवशी लोकांनी थट्टा केली. म्हशींसाठी केले का बे, असंही एकाने विचारलं. पण कडेवर लेकरू घेतलेली बाई कमरेने नळ दाबून घागर भरायला लागली. हाताला प्लास्टर घातलेला एक जण गुडघ्याने दाबायला लागला. ज्यांचे दोन्ही हात धडधाकट होते तेही कोपरच वापरायला लागले, कारण तसं करणं मुळात सोयीचं होतं. थट्टा आपोआप विरली. एका सकाळी रांगेत रुखमाबाई दिसल्या. त्यांनी कोपराने पट्टी दाबली, तांब्या भरला आणि निघाल्या. कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. गोपालला बरं वाटलं. आपण झालं ते निस्तरलं, असं त्याने धरून टाकलं.

तरी विमलबाई रोज येतच राहिल्या. तो निघायच्या बेतात असला की त्या कुंपणापलीकडे घुटमळताना दिसायच्या. एक दिवस त्याने आईला विचारलंच.

"विमलकाकू आता काऊन येतात? सगळं तर उघडते ना तुले?"

"येऊ दे तिले."

"पन काय उघडाचं राह्यलं? सांग ना, मी करून देतो."

रुखमाबाईंनी मान फिरवली आणि पदर ओढून छातीशी गच्च धरला. "तुले नाही करता येत ते," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

गोपालला समजायला एक क्षण लागला. मग न्हाणीघरातून लुगडं लपेटून निघालेली आई त्याला आठवली. पोलक्याची हुकं. इतकी बारीक हुकं ती वाकडी बोटं लावणार कशी? रोज सकाळी आपली आई आंघोळ लांबवून, मुलगा घराबाहेर पडायची वाट बघत बसत होती. आणि तो चहा रेंगाळत पीत होता, मोबाइल बघत होता. तो पायात चपला न घालताच अंगणात आला. जमिनीने पोटात घ्यावं, असं त्याला खरोखर वाटलं.

दुपारी त्याने दोरीवर वाळत घातलेलं आईचं पोलकं काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हात लावला. वर्तमानपत्रात गुंडाळून, सदऱ्याच्या आत धरून तो देऊळघाटला करिष्माच्या शिवणाच्या दुकानासमोर गेला. आत बायका होत्या, म्हणून पुढे गेला. परत आला, तरी बायका होत्या. पानटपरीवाला त्याच्याकडे बघायला लागला. शेवटी दुकान रिकामं झालं आणि तो आत शिरला.

करिष्माने मशीनवरून मान वर केली. तिच्या दुकानाचं शटर त्यानेच बसवलं होतं. तिला वाटलं तो त्याचंच काही विचारायला आला. त्याने पुडकं टेबलावर ठेवलं.

"याच्या मापाचे दोन शिवायचे हायेत. हुकं नको. बुटाले असते ना, चिकटनारी पट्टी, ते लावता येईन का? समोरून."

"येते ना. कोनासाठी हाय?"

एका गिऱ्हाइकासाठी, असं तो वाटेत ठरवून आला होता. शब्द तोंडाशी आलेही.

"माह्या मायसाठी," तो म्हणाला. "तिचे बोटं चालत नाही. मले माहीत नव्हतं."

हे शेवटचं तिने विचारलं नव्हतं. करिष्माने पोलकं उलगडून माप घ्यायला सुरुवात केली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, अशी पोलकी तिच्याकडून बऱ्याच जणी शिवून नेतात. म्हाताऱ्याच नाही, बाळंतिणीसुद्धा. "पन घ्याले बायाच येतात," ती म्हणाली. "मानूस तुम्हीच पयले आले." यात कौतुक होतं, पण ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

पोलकी तयार झाली त्या संध्याकाळी त्याने पुडकं आईच्या खाटेवर ठेवलं आणि बाहेर निघून गेला.

सकाळी चहा न घेताच तो अंगणात येऊन बसला. विमलबाई नेहमीसारख्या फाटकातून आल्या. त्याने हाताने त्यांना थांबायची खूण केली. दार आतून लावलेलं होतं. आतून पट्टी उचकटल्याचा चर्र आवाज आला. थोडा वेळ शांत. मग पुन्हा चर्र. वाकडी लागली असणार. विमलबाईंना कळलं. त्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. गोपालने मान खाली घातली. तो आवाज पुन्हा आला, पुन्हा थांबला, आणि दोघंही एकमेकांकडे न बघता, आतली बाई आपलं आपण आवरून बाहेर येईपर्यंत, बसून राहिले.