वांगी रंगाच्या सुटाचे निवेदन

विषय : महाविद्यालयात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलाने शिक्षण अर्धवट टाकून पैशाच्या खेळात जावे, की शेवटचे वर्ष पुरे करावे, याबाबत.

संदर्भ : मी स्वतः.

उपरोक्त विषयावर मी बोलतो आहे, म्हणजे एक सूट. कोट, पँट आणि आतले जाकीट. रंग वांगी. सध्याचा मुक्काम एका कॉलेजच्या, खेळाडू नियम पाळतात की नाही हे बघणाऱ्या नियमपालन कचेरीतले लोखंडी कपाट. अंगावर पारदर्शक पिशवी आणि गळ्यात चिठ्ठी आहे. माणसाला असे ठेवले तर त्याला कोठडी म्हणतात. मला ठेवले आहे म्हणून याला जतन म्हणतात.

माझा जन्म मेम्फिसमधल्या एका दुकानात झाला. म्हातारा शिंपी स्टुलावर चढून डेमेट्रिक गेन्सच्या खांद्याचे माप घेत होता, कारण डेमेट्रिक सहा फूट नऊ इंच होता. बाजूला त्याचा मामा लव्हेल उभा होता. नदीपलीकडे अर्कान्सामधल्या त्यांच्या गावात लव्हेलचे केशकर्तनालय आहे, आणि ज्यांचे केस कापतो त्यांच्या आयुष्याचेही निर्णय तो त्याच खुर्चीत घेऊन टाकतो.

"मामा, मी अजून ठरवलेलं नाही," डेमेट्रिक म्हणाला.

"तुला ठरव कोण म्हणतंय? तू नुसता हात वर कर."

मोठ्या लीगचे संघ जूनमध्ये एका संध्याकाळी एकेका मुलाचे नाव पुकारून त्याला उचलतात. त्या संध्याकाळी प्रत्येक मुलगा भडक सूट घालून बसतो. डेमेट्रिकने आपले नाव दिले होते, पण मे महिन्यातल्या ठरावीक तारखेपर्यंत ते मागे घेता येत होते. मागे घेतले की कॉलेजात परत. लव्हेलचा हिशेब असा, की एकदा सूट शिवून झाला की मुलगा मागे फिरत नाही.

दुकानाच्या दाराशी विंडम नावाचा गृहस्थ उभा होता. खेळाडूंचे करार जुळवणाऱ्या एका एजंटाचा हा माणूस. स्वतः एजंट नव्हे. एजंटाने काही दिले तर ते नियमाबाहेर असते, त्याच्या माणसाने दिले तर त्याला प्रेम म्हणतात. माझे बिल त्याने प्रेमाने भरले. डेमेट्रिक तेव्हा आरशासमोर होता. घरी जाताना मामा म्हणाला, "मी घेतलाय तुला."

माझ्या अस्तरावर डेमेट्रिकच्या आईचा, रोशेलचा, चेहरा छापलेला आहे. आजकाल ही पोरांची रीत आहे. कोट उघडला की आई दिसली पाहिजे.

त्यांच्या घरातले कपाट माझ्या लांबीला पुरेना, म्हणून मला बैठकीच्या दारावर टांगले. तिथून मी सगळे ऐकले. त्या वसंतात जो येई तो डेमेट्रिकच्या हिताचेच बोले. मतभेद एवढाच होता, की ते हित कोणाच्या पदरात पडावे.

"उद्या गुडघा गेला, तर ती डिग्री काय गुडघ्याला बांधशील?" हे लव्हेल.

"आणि गुडघा जाऊन डिग्रीही नसली, तर तुझ्या दुकानात झाडू मारेल का?" हे रोशेल. ती म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात रात्रपाळी करते आणि बोलताना डोळे मिटून घेते. तिला एकच गोष्ट हवी होती. शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना निरोप द्यायच्या सामन्याआधी मुलगा आईला हाताला धरून मैदानाच्या मध्यापर्यंत नेतो, तिला फुले देतो आणि सगळे प्रेक्षागार उभे राहते. रोशेलसाठी आजवर कोणी उभे राहिले नव्हते. शुश्रूषागृहातल्या म्हाताऱ्यांना तर उभेच राहता येत नाही.

एका संध्याकाळी कॉलेजचे कोच हेंडरशॉट स्वतः आले. तळलेल्या माशाचे तीन तुकडे खाल्ले, पीचचा गोड पदार्थ दोनदा मागून घेतला आणि मग गहिवरले.

"बेटा, जो चार वर्षं टिकतो तो जन्मभर टिकतो. तू थांब. तू थांबलास तर मी आहे ना तुझ्याबरोबर."

"देवाशपथ?" रोशेलने विचारले.

"रोशेलताई, मी शब्द फिरवणारा माणूस दिसतो का?"

ते खरोखर तसे दिसत नव्हते. त्यांना पगार मिळे त्यात या दिसण्याचा मोठा वाटा होता.

मग मातृदिनाचा रविवार आला. त्यांच्या चर्चमध्ये त्या दिवशी सगळे घरातले सर्वांत चांगले कपडे घालून येतात. डेमेट्रिककडे चांगले असे कपडे म्हणजे मीच. प्रवचन संपल्यावर तो पुढे गेला. पाद्रीबाबांनी ध्वनिक्षेपक त्याच्या तोंडापर्यंत उंच करायचा प्रयत्न केला आणि शेवटी नाद सोडला.

"मला एवढंच सांगायचंय," तो म्हणाला, "की मी कुठेही जात नाही. मी माझी डिग्री पुरी करणार. आणि निरोपाच्या सामन्याला माझ्या आईला हाताला धरून चालवत नेणार."

"बोल बाळा, बोल!" पुढच्या बाकावरून ओडेसाआजी ओरडल्या.

त्याने कोट उघडला. आतून रोशेल साऱ्या गावाकडे बघून हसत होती. बायका किंचाळल्या, ऑर्गनवाल्याने आपणहून सूर धरला, आणि खरी रोशेल तिसऱ्या रांगेत टोपीखाली तोंड लपवून रडत राहिली. मीही फुगलो होतो, कबूल करतो. शिवलेल्या कपड्याला एवढा मान क्वचित मिळतो.

उघड्या कोटाचा फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आला. डेमेट्रिकने त्याच आठवड्यात नाव मागे घेतले. लीगचे आभाराचे उत्तर आले. तारीख उलटली. तारीख उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी विंडमने कॉलेजला फोन केला. त्या फोटोतला सूट आपण दिला होता, म्हणे, आणि तेव्हापासून मनावर ओझे आहे.

नियमपालन कचेरीतल्या प्रुएटबाईंनी डेमेट्रिकला बोलावले. येताना मलाही आणायला सांगितले.

"छान आहे. कुणाचा?"

"माझा."

"ते दिसतंय. पैसे कुणाचे?"

"मामाचे."

"मामा काय करतात?"

"केस कापतात."

बाईंनी माझ्या गळ्याजवळचे महागड्या दुकानाचे लेबल वाचले. "मी चुकीच्या माणसाकडून केस कापून घेत होते म्हणायचं."

मला पुरावा म्हणून तिथेच ठेवून घेतले. एजंटाच्या माणसाकडून भेट घेतली की विद्यार्थी हौशी खेळाडू राहत नाही आणि त्याला कॉलेजकडून खेळता येत नाही, असा नियम आहे. ठाऊक नसताना घेतली तर काय, याचेही कलम आहे. त्या कलमाखाली, पुन्हा खेळू द्यावे म्हणून, समितीकडे अर्ज करावा लागतो. तो केला. शिष्यवृत्ती खेळणाऱ्यासाठी होती. खेळ थांबला, शिष्यवृत्ती थांबली आणि तिच्याबरोबर शिक्षणही. लीगमधून नाव आधीच मागे घेतलेले. तो जायला निघाला नव्हता आणि थांबलाही नव्हता.

भाऊबहिणीचे भांडण लव्हेलच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर झाले. डेमेट्रिकने ते प्रुएटबाईंना सांगितले, म्हणून मला कळले.

"तू म्हणालास, सूट तू घेतलास," रोशेल म्हणाली.

"घेतला म्हणालो. पैसे दिले म्हणालो का?"

"माझं तोंड आतून लावलंत तुम्ही दोघांनी, लव्हेल, आणि पैसे कुणाचे याचा मलाच पत्ता लागू दिला नाहीत."

"अगं, पोराच्या भल्यासाठीच..."

"त्याचं भलं तुझ्या दुकानातून निघतं आणि आमच्या घरी पोचत नाही."

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या अर्ध्या डोक्याचे केस कापायचे राहिले होते. त्याने तसेच राहू दिले.

अर्जासोबत सुटाची किंमत एखाद्या धर्मादाय संस्थेला द्यावी, अशी अट होती. रोशेलने उसने काढून ती दिली. दर डिसेंबरात ज्या संस्थेकडून तिच्या घरी धान्याची खोकी येत, त्याच संस्थेला. त्या वर्षी खोक्याबरोबर दानशूर म्हणून आभाराचे पत्रही आले.

कोच हेंडरशॉट जुलैतच एका मोठ्या कॉलेजला निघून गेले. त्यांना थांबवणारे कलम नव्हते. नव्या कॉलेजच्या चाहत्यांनी स्वागताला त्यांना सूट भेट दिला. प्रुएटबाईंच्या टेबलावरच्या वर्तमानपत्रात मी कपाटाच्या फटीतून त्याचा फोटो पाहिला. कापड माझ्यापेक्षा भारी होते. तू कोणाच्या पैशाचा, असे त्याला कोणी विचारले नाही.

पानगळीत डेमेट्रिकला तुर्कस्तानातल्या एका पगारी संघाने बोलावले. जावे का, हे विचारायला तो कचेरीत आला.

"जा की," प्रुएटबाई म्हणाल्या. "गेलास की अर्ज आपोआप रद्द."

"आणि नाही गेलो तर मंजूर होईल?"

"तसं मी म्हटलेलं नाही."

तो गेला नाही. आईला शब्द दिला होता. आता तो नदीकाठच्या गोदामात माल उतरवतो. वरच्या फळीवरची खोकी त्याला शिडीशिवाय काढता येतात, म्हणून मुकादम त्याच्यावर खूश आहे.

तेव्हा, जावे की थांबावे? मी कापड आहे, मला अक्कल बेताचीच. पण त्या बैठकीत जे जे बोलायला आले, त्यांतला प्रत्येकजण आज आपापल्या जागी ठीक आहे. ज्याच्याबद्दल बोलत होते, तेवढा एकच बेपत्ता.

निरोपाचा सामना मार्चमध्ये झाला. आमची कचेरी प्रेक्षागाराच्या खालच्या मजल्यावर आहे. रोशेल चर्चची टोपी घालून संध्याकाळी आली आणि दाराशी उभी राहिली.

"निर्णय आज झाला असेल तर म्हणून आले. तो बाहेर गाडीत बसलाय. लगेच येईल."

"बाई, झाला असता तर आम्ही कळवलं असतं."

"बरं. मी बसते थोडी."

डोक्यावरच्या छतातून नावे पुकारल्याचा आवाज येत होता. प्रत्येक नावानंतर हजारो माणसे उठल्याचा धडधडाट होई आणि कपाटाची दारे थरथरत. रोशेल खुर्चीत ताठ बसून होती. नावे संपली, सामना सुरू झाला. मग ती उठली, प्रुएटबाईंचे आभार मानले आणि गेली.

माझी कोणाकडे काही मागणी नाही. मला परत न्यायला कोणी येऊ नये, एवढीच विनंती आहे. त्या घरात मला टांगायला जागाही नाही.

हंगाम संपला आहे. ज्या हंगामात खेळू द्यावे म्हणून अर्ज होता, तो हाच. समितीची पुढील बैठक उन्हाळ्यात आहे. अर्ज मिळाल्याची पोच दिलेली आहे. अर्ज विचाराधीन आहे.