मुलं कोणाकडे

"घराचं झालं, गाईचं झालं. आता मुलं," नोटरीबाई म्हणाल्या. "तुमच्या पश्चात त्यांचा सांभाळ कोणी करायचा?"

ताशतानने मांडीवरची टोपी उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली. नारिन गावच्या वीजखात्यात तो सतरा वर्षं लाइनमन होता. हिवाळ्यातल्या वादळात, गोठलेल्या खांबावर चढताना त्याला कधी विचार करावा लागला नव्हता. इथे मात्र एका नावाशी तो अडला.

"टाका कोणाचं तरी नाव," बाई म्हणाल्या. "शेवटी ठरवणार सरकारी माणसंच. पण वडिलांचं लेखी असलं की ते बघतात."

"उद्या सांगितलं तर चालेल?"

"चालेल की. फक्त या नक्की. उद्या म्हणणारे बहुतेक परत येत नाहीत."

दोन आठवड्यांपूर्वी त्याच्या जोडीचा लाइनमन सागिन खांबावरून पडून गेला होता. अकरा वर्षं दोघं एकाच गाडीतून कामाला जात. मातीच्या दिवशी सागिनची मुलं आईच्या अंगाला दोन्हीकडून बिलगून उभी होती. सगळे मयताकडे बघत होते आणि ताशतान त्या मुलांच्या हातांकडे. आपली कोणाला बिलगतील, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं. त्याची बायको जिपार जाऊन साडेतीन वर्षं झाली होती. आयपेरी आता नऊ वर्षांची होती आणि बायेल साडेचारचा.

नोटरीकडून तो तसाच मोठ्या भावाकडे, मुकाशकडे गेला. वहिनीने चहा दिला, रोटी तोडून पुढे ठेवली. त्याने सांगितलेलं मुकाशने सगळं ऐकून घेतलं.

"अरे, असलं अभद्र कशाला बोलतोस," तो म्हणाला. मग चहाचा पेला पुढे ओढत म्हणाला, "पण वेळ आलीच तर बायेलची काळजी नको. आपलं रक्त आहे. माझ्या पोरांत वाढेल."

"आणि आयपेरी?"

मुकाशने रोटीचा तुकडा चहात बुडवला. "पोरीचं कसं आहे, दहा वर्षांनी ती लोकांच्या घरी जाणार. तिच्या आईकडच्यांनी बघावं."

"घरात आधीच चार आहेत, ताशतान," वहिनी म्हणाली. "तोंडावर हो म्हणून मागून कुरकुर करण्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं."

"बायेलच्या बुटांच्या नाड्या आयपेरीच बांधते, दादा. दुसऱ्या कोणाला तो बांधू देत नाही."

"शिकेल की. शाळेत जायला लागला की सगळी शिकतात."

वहिनीने पुन्हा चहा ओतला. या खेपेला पेला काठोकाठ भरला. आमच्याकडे पाहुण्याने आता उठावं असं वाटलं की असा भरतात. भावाच्या घरी ताशतानला तो पहिल्यांदाच मिळाला. त्याने तो सावकाश संपवला आणि उठला.

जिपारच्या माहेरचं म्हणजे एकटी बुरुल उरली होती, तिची धाकटी बहीण. लग्न केलेलं नव्हतं. इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. जिपार गेल्यावर ती दर रविवारी यायची, मुलांना न्हाऊ घालायची, त्यांच्याशी खेळायची. संध्याकाळी ती निघाली की दोन्ही मुलं दाराशी बसून रडायची, झोप लागेपर्यंत. ते रडणं ऐकत ताशतान एकटा बसून असायचा. एका रविवारी त्याने तिला दारातच सांगितलं, "तू नको येत जाऊस." का, ते सांगितलं नाही. ती आली तशी परत गेली. त्याला तीन वर्षं होऊन गेली.

त्याच दुपारी तो गेला तेव्हा धोबीखान्यात सगळीकडे वाफ भरली होती. बुरुल एका लांब टेबलापाशी उभी राहून चादरींच्या घड्या घालत होती. त्याला बघून तिचे हात थांबले नाहीत.

"मुलं बरी आहेत ना?" तिने विचारलं.

"बरी आहेत."

"मग दुसरं टोक धर, दाजी. जोडीदारीण आज आली नाहीये."

त्याने चादरीची दोन टोकं धरली. ती मागे सरकली की तोही मागे सरकायचा, चादर ताणली जायची. मग दोघं पुढे यायची आणि तो आपली टोकं तिच्या हातात द्यायचा. चार-पाच चादरी अशाच झाल्या. मग त्याने सांगायला सुरुवात केली. सागिनचं, नोटरीचं, आणि शेवटी मुकाश काय म्हणाला तेही सांगितलं.

"म्हणजे पोरगा त्यांचा आणि पोरगी माझी," बुरुल म्हणाली.

"नाही. दोघांनाही एकत्र ठेवायचंय. म्हणून तुझं नाव टाकावं म्हणतो."

ती चादर ताणून तशीच उभी राहिली.

"तू मेल्यावर मी चालेन तुला? जिवंत आहेस तोवर नको, आणि मेल्यावर मात्र मावशी?"

ताशतानने आपली टोकं घट्ट धरली.

"बायेल मला ओळखत तरी असेल का? तुझ्या मातीच्या दिवशी मी जाऊन म्हणायचं, बाळा, चल माझ्याबरोबर, असं?"

"तू गेलीस की फार रडायची दोघं," तो म्हणाला. "मला ते सहन होत नव्हतं."

"मग मला सांगायचं तसं. मी तिथेच राहिले असते, शेजारी खोली घेतली असती. तीन वर्षं मी हेच डोक्यात घोळवतेय, माझं काय चुकलं."

तिने चादरीला झटका दिला आणि ती पुढे आली. त्याच्या हातातली टोकं काढून घेत ती म्हणाली, "टाक माझं नाव. पण रविवारी मी येणार. दर रविवारी. रडली तर रडू देत."

दुसऱ्या दिवशी ताशतान नोटरीकडे गेला. बाईंनी नाव लिहिलं, त्याला वाचून दाखवलं, त्याने सही केली. सगळं दहा मिनिटांत आटोपलं.

रविवारी दुपारी बुरुल आली. बायेल बहिणीच्या मागे लपला. आयपेरी ताठ उभी राहिली आणि परक्या पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाली, "बसा. चहा घेणार ना?" बुरुलने ताशतानकडे बघितलं, मग नजर खाली वळवली. "घेईन की," ती म्हणाली.

गाईला गवत घालायचं निमित्त करून ताशतान बाहेर आला. गवत त्याने सकाळीच घातलं होतं. तरी तो गोठ्यात गेला, तिथेच रेंगाळला. बऱ्याच वेळाने घरातून हसणं ऐकू आलं. आधी बायेलचं, आणि मग आयपेरीचं. आयपेरी घरात अशी मोठ्याने हसत नसे. तिचं हसणं थेट तिच्या आईसारखं आहे हे त्याला इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं.

आपण आत गेलो की ते थांबेल, असं त्याला वाटलं. बाहेर बर्फ पडायला लागला होता. गाईसमोरचं गवत त्याने पुन्हा एकदा सारखं केलं आणि तो तिथेच तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.