शिकाऊ माल

गवंडीकामाच्या वर्गात मुलगी एकच, आणि तिला सगळे ओळंबी म्हणायचे. ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे की नाही ते बघायचं, दोरीला टांगलेलं वजन. ही पोरही तशीच, उंच, काटकुळी आणि बोलायला सरळसोट. चिडवायला ठेवलेलं नाव तिने इतक्या ऐटीत मिरवलं की पोरांची चिडवायची मजाच गेली.

वर्गात यायलासुद्धा तिला भांडावं लागलं होतं. आईचं म्हणणं, मुलीच्या जातीने विटा कसल्या वाहायच्या, पॅकिंगच्या कारखान्यात सावलीत बसून काम आहे, तिथे जावं. वर्ग सुरू व्हायच्या दिवशी आईने तिचे बूट लपवले. बुटांशिवाय वर्गाच्या शेडमध्ये पाऊल टाकू देत नसत, हे माउलीला बरोबर ठाऊक होतं. पोर दिवसभर घरात धुमसत बसली. शेवटी बाप मध्ये पडला. बाप शिंपी, माणूस म्हणजे अगदी गरीब गाय, बायकोपुढे कधी ब्र काढला नाही. पण त्या संध्याकाळी बोलला. एक वर्ष जाऊ दे तिला, म्हणाला. वर्षाअखेर हाताला काही लागलं नाही, तर मी स्वतः तिला कारखान्यात सोडून येईन.

दुसऱ्या दिवसापासून ओळंबी जाऊ लागली. शेडमधली रीत अशी, की सकाळी भिंत उभी करायची, दुपारी उस्ताद ओळंबा लावून बघणार, चुका काढणार आणि मग बुटाने ढकलून सगळी भिंत आडवी करणार. पोरं टाळ्या पिटायची. नंतर विटा पुसून पुन्हा रचायच्या, उद्याच्या भिंतीसाठी. जोडायला वाळू आणि नावापुरत्या चुन्याचा माल, घमेल्यात कालवलेला. ओली भिंत, पडणारच, असं ओळंबीला वाटायचं. सिमेंट पुढच्या वर्षी, असं उस्ताद म्हणाले होते, आणि पुढच्या वर्षी तर भिंतीवरचा गिलावा शिकायचा होता. म्हणजे सिमेंट गिलाव्याला लागतं, विटांना चुना, हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं. विचारायचं तिला सुचलंही नाही. जे रोज हाताने करतो, ते कोण विचारत बसतं?

वर्ष संपत आलं तशी आईने पुन्हा कारखान्याचं तुणतुणं लावलं. मग ओळंबीही हट्टाला पेटली. घराला लागून पत्र्याचा आडोसा होता, त्यात बापाचं शिलाई मशीन. एक बाजू सताड उघडी, रस्त्याची सगळी धूळ गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर. तिथे भिंत घालून दाखवते, म्हणाली, मग बोल.

बापाने वाळू आणली, चुना आणला, जुन्या विटा मिळवल्या. शेजारचा ड्रायव्हर येता-जाता थबकला आणि यात सिमेंट नाही का घालत, असं त्याने विचारलंच. बापाची छाती फुगलेली. हसून म्हणाला, "माझी लेक शिकलीय हे. तिला तू शिकवू नकोस."

ड्रायव्हर हसत निघून गेला. जरा थांबला असता तर, अरे देवा!

भिंत झाली. काय भिंत झाली! ओळंबा लावला तर दोरी वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर. आईने तिच्यावरून दोनदा हात फिरवला, नाक मुरडायला जागाच सापडेना. जेवताना एवढंच म्हणाली, की करू दे पुढचं वर्ष. ओळंबीचा आनंद पोटात मावेना. बापाने मशीन भिंतीपाशी सरकवलं आणि तिला पाठ टेकून कामाला बसू लागला.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी वारा सुटला. पत्रा थडथडला आणि भिंत अख्खीच्या अख्खी आत आली. ड्रायव्हरने आणि आईने हातांनी विटा उपसल्या. बाप मशीनवर वाकलेला होता, सुईखाली कुणाची तरी बाही तशीच. दवाखान्यापर्यंतही तो पोचला नाही.

बापाचे दिवस झाल्यावर उस्ताद भेटायला आले. ओळंबी आडोशात उकिडवी बसून विटा पुसत होती. कुणी सांगितलं नव्हतं, हाताला सवय होती. उस्तादांनी एक वीट उचलली, अंगठा फिरवला. माल भुरभुर खाली पडला. वीट भट्टीतून आल्यासारखी स्वच्छ.

त्यांचा चेहरा उतरला.

"पोरी, सिमेंट कुठे आहे यात?"

"गिलाव्याला घालणार होते," ती म्हणाली.

उस्ताद तिच्यासमोर खाली बसले. मग तिच्याकडे न बघता, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "हा शिकाऊ माल, गं. पाडता यावा म्हणून असा करतात. याची भिंत कधी राहत नाही. पहिल्याच दिवशी सांगतो मी, सगळ्यांना सांगतो. तुला सांगितलं नव्हतं?"

ओळंबीने मान वर केली. ती काही बोलायच्या आत दारातून आईचा आवाज आला.

"पहिल्या दिवशी ती घरी होती," आई म्हणाली. "तिचे बूट मी पिठाच्या डब्यामागे ठेवले होते."

उस्तादांनी हातातली वीट हळूच थप्पीवर ठेवली. ओळंबी आईकडे बघत राहिली, आणि आई त्या विटांकडे.