निळ्या कापडाचं वाण

मृणालिनीबाई विजयकर एका जागी बसल्या आहेत, असं दृश्य परळच्या त्या मुलींच्या शाळेत कुणी पाहिलेलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत चहासुद्धा त्या खिडकीशी उभ्या राहून घ्यायच्या आणि कप अर्धा असतानाच मैदानाकडे सुटायच्या. त्यात सत्तावन्न सालचा तो जानेवारी. निवडणूक तोंडावर आलेली, भिंती संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी रंगलेल्या, आज मोर्चा तर उद्या सभा. अख्ख्या शहराचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं, तिथे एका खेळाच्या बाईंचं कुठून राहणार?

बाईंनी त्या वर्षी मुलींचा खो-खोचा संघ शाळांच्या सामन्यांत उतरवायचा घाट घातला होता. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच. अकरा मुली त्यांनी घासूनपुसून तयार केल्या होत्या. मुलींचा प्रश्न नव्हताच. प्रश्न होता घरच्यांचा. मुख्याध्यापक गुप्तेसर माणूस देवासारखा, पण देव निदान घाबरत तरी नाहीत. त्यांनी अट घातली, "नऊ मुलींच्या आया तुमच्या तोंडावर हो म्हणाल्या, तरच मी संघाचं नाव देतो. बापांचं हो मला नको. बाप इथे हो म्हणतात आणि जेवायच्या पाटावर बसेपर्यंत नाही म्हणतात."

बाईंनी आधी रीतसर पालकसभा घेतली. आल्या चार टोप्या, एक छत्री आणि संघातल्या नलूचे वडील कमलाकांत. हिंदू कॉलनीत राहणारे हे कमलाकांत संयुक्त महाराष्ट्र समितीचे वक्ते. त्यांना समोर खुर्च्या दिसल्या की राहवत नसे. मराठी माणूस तेवढा एक, त्याच्यात उच्च-नीच काही नाही, यावर ते असे बोलले की टाळ्या थांबेनात. सभा संपली, मंडळी घरी गेली आणि खो-खो हा शब्द कुणाच्याही तोंडून निघाला नाही, बाईंच्यासुद्धा.

मग बाईंना युक्ती सुचली. बायका सभेला येत नाहीत, पण हळदीकुंकवाला येतात. संक्रांत झालेली, रथसप्तमी पुढे आहे, तेवढ्यात उरकून घ्यायचं. आणि वाण काय द्यायचं? तर निळं जाड कापड, एका चड्डीपुरतं. कारण खरी मेख तिथेच होती. परकर पायात येतो, मुली तोंडावर आपटतात, म्हणून सामन्यात गुडघ्यापर्यंतची चड्डी घालायची होती, आणि वयात आलेल्या मुलीची चड्डी म्हटल्यावर घरोघर शिमगा होणार होता. पण संक्रांतीचं वाण कुणी परत करत नाही. एकदा ओटीत पडलं की पडलं. बाई आपल्याच हुशारीवर इतक्या खूश झाल्या की दुपारभर शाळेच्या व्हरांड्यात येरझारा घालत होत्या.

दहा घरी आमंत्रण गेलं. अकरावी शकू. तिची आई दुर्गाबाई विधवा, लालबागला शिवणकाम करून पोरीला वाढवत होती. तिला हळदीकुंकवाला बोलवायचं कसं? बाई शकूला म्हणाल्या, "आईला मी घरी येऊन भेटेन हं. कापड तूच घेऊन जा." शकूनं मान हलवली. तिला ते सवयीचं होतं.

हळदीकुंकू झोकात झालं. शाळेच्या सभागृहात भिंतीकडेनं जाजमं, त्यावर बायका. बाईंनी खो-खोची महती सांगितली, चड्डीची गोष्ट हसत हसत सांगितली, एकदोघींनी पदर तोंडाला लावला, पण उठून कुणी गेली नाही. मग बाई स्वतः कुंकवाची कोयरी घेऊन निघाल्या. त्यांच्यामागे अत्तर, त्यामागे गुलाबपाणी, मग तिळगूळ, शेवटी निळ्या कापडाची चवड. कुंकू जिच्या कपाळी, तिच्याकडे पुढचं सगळं. रीतच तशी.

रांगेच्या टोकाच्या अलीकडे कमळा मोहितेची आई बसली होती. कमळा म्हणजे या संघाचा प्राण. काळी, काटक, डिलाईल रोडच्या चाळीतली पोर. खांबाला वळसा घालून ती अंग झोकायची तेव्हा बाईंचा श्वास अडकायचा आणि समोरची पळणारी गारद व्हायची. तिची आई सुंदराबाई गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर. बाईंनी तिला याआधी पाहिलेलं नव्हतं. आता पाहिलं तर अंगावर पांढरंशुभ्र लुगडं आणि कपाळ रिकामं.

बाईंचा हात तिथेच थबकला. कोयरीतलं बोट कोयरीत राहिलं. अरेरे, त्यांना वाटलं, कमळाचे वडील गेले. कधी? पोर बोललीसुद्धा नाही. आणि ही बिचारी पोरीसाठी इथपर्यंत आली. आता चारचौघींत तिचा पाणउतारा नको, म्हणून बाईंनी डोळे खाली घातले, ओठांवर एक कनवाळू हसू आणलं आणि पुढच्या बाईकडे वळल्या. मागचं अत्तर वळलं, गुलाबपाणी वळलं, तिळगूळ वळला. कापडही वळलं. सुंदराबाईंनी हात जोडायला वर उचलले होते, ते तसेच मांडीवर परत ठेवले. थोड्या वेळानं त्या उठून गेल्या.

जाताना नलूची आई लक्ष्मीबाई बाईंच्या कानाशी येऊन म्हणाली, "बरं केलंत हो बाई. शोभून दिसलं." बाईंना वाटलं, विधवेची लाज राखली म्हणून ही कौतुक करते आहे. त्यांना बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून कमळा मैदानावर यायची बंद झाली. वर्गात यायची, खाली मान घालून बसायची. विचारलं की म्हणायची, "आई नको म्हणते." कमळाविना संघ म्हणजे पिठाविना भाकरी. सामने पुढच्या आठवड्यात. बाईंचं जेवणावरून मन उडालं, त्या शिकवताना फळ्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारू लागल्या आणि शेवटी रविवारी सकाळी तडक डिलाईल रोडला जाऊन धडकल्या.

चाळीच्या लांबलचक गॅलरीत एक माणूस कठड्यावर आरसा टेकवून दाढी करत होता. बाईंनी विचारलं, "सुंदराबाई मोहिते कुठे राहतात?"

"हेच घर. या ना. मी भिवा, कमळीचा बाप."

"तुम्ही कमळाचे वडील?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"पोर जल्मली तवापासून मीच," भिवा म्हणाला आणि फेसाच्या तोंडानं आत हाक मारली, "अगो, शाळंतल्या बाई आल्यात."

आत भिंतीवर बुद्धाचं चित्र होतं, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. देव्हाऱ्याच्या फळीवर आता पितळी डबे मांडलेले. महिन्या-दीड महिन्यापूर्वी बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला दादरच्या चौपाटीवर लोटलेला तो जनसागर आणि तिथेच हजारोंनी घेतलेली दीक्षा बाईंनी वर्तमानपत्रात वाचली होती. वाचून पान उलटलं होतं. आता सुंदराबाईंनी पुढे केलेल्या स्टुलावर त्या बसल्या.

"तुम्ही मला सांगायचंत तरी," बाई म्हणाल्या.

"सांगायलाच आले होते." सुंदराबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "बाई कुंकू घेऊन आल्या का हात जोडायचे. म्हणायचं, बाई, आमी आता बुद्ध झालो, कुंकू नको, पण पोरीला खेळवा, आमचं हो हाय. वाटंनं त्येच घोकत आले. तुमी इचारलंच नाय. वलांडून गेलात."

"मला वाटलं..." बाई अडखळल्या. "पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. मला वाटलं, कमळाचे वडील गेले."

गॅलरीत भिवाला हसू फुटलं आणि वस्तरा लागला म्हणून तो स्वतःशीच पुटपुटला. सुंदराबाई हसल्या नाहीत.

"मंजे जातीपायी नाय?"

"नाही हो. शपथ घेते. माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

"बरं," सुंदराबाई म्हणाल्या. एक खडा त्यांनी बाजूला काढला. "आणि माजा दादला खरंच मेला असता, तर मंग वलांडून गेलात त्ये बरोबर होतं?"

आयुष्यभर बाई पोरींना सांगत आल्या होत्या, प्रश्न आला की पाय हलवायचे. इथे पाय हलवायला जागाच नव्हती. त्यांना दुर्गाबाई आठवली, जिला आमंत्रणच नव्हतं. आणि मग लक्ष्मीबाईचं ते "बरं केलंत" आठवलं, आणि त्याचा खरा अर्थ आत्ता, त्या स्टुलावर बसल्या बसल्या, अंगावर आला. लक्ष्मीबाईनं कौतुक केलं होतं ते भलत्याच गोष्टीचं. बाईंना स्वतःची शिसारी आली. न लपवता त्यांनी तेही सांगून टाकलं.

"वळखते ती मला," सुंदराबाई शांतपणे म्हणाल्या. "शेजारी बसले तवाच पदर गोळा केलान तिनं. आता आइका. कमळी येईल. पोर उपाशी असल्यागत तळमळतेय खेळासाठी, मला का दिसत नाय? पण ज्या बायांसमोर वलांडलंत, त्यांच्यासमोर सांगा कशापायी वलांडलंत त्ये. मी येते. नजरचूक झाली, इसरले, असलं काय नको. खरं सांगा."

गुप्तेसरांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "नजरचूक म्हणून मोकळ्या व्हा हो. सगळ्यांचंच मन राहील. खरं बोललात तर त्या हिंदू कॉलनीतल्या बायका पोरींना घेऊन जातील. अकरातल्या तीन जरी गेल्या तरी तुमचा संघ संपला, आणि मग मी नाव देणार नाही." सर चुकीचं बोलत नव्हते, हेच तर वाईट होतं. दोन दिवस बाईंनी शाळेच्या आवाराला इतक्या फेऱ्या घातल्या की माळी धोंडू म्हणाला, "बाई, वाट पडंल." नजरचूक. एवढासा शब्द, आणि संघही वाचतो, कमळाही खेळते, सुंदराबाईला तरी काय कळणार आहे, ती थोडीच मनात शिरून बघणार? असं म्हणत त्या वळायच्या, आणि वळताना त्यांना ते मांडीवर परत ठेवलेले हात दिसायचे.

तयारी बघायला म्हणून बुधवारी संध्याकाळी सगळ्या आयांना मैदानावर बोलावलं. लालबागला बाई स्वतः गेल्या आणि दुर्गाबाईला घेऊन आल्या. बायका कडेच्या बाकांवर बसल्या. दुर्गाबाई सवयीनं मागे, चिंचेखाली उभी राहिली. सुंदराबाई आल्या, त्याच पांढऱ्या लुगड्यात, आणि पुढच्या बाकाच्या टोकाला बसल्या. त्या बाकावरच्या बायका उठून मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसल्या. मैदानात मुली नव्या निळ्या चड्ड्यांत पाटीवर उकिडव्या बसल्या होत्या. कमळा तेवढी परकर खोचून उभी होती, तिला कापड मिळालंच नव्हतं.

बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजेना.

"त्या दिवशी मी सुंदराबाईंना ओलांडून गेले," त्या म्हणाल्या. "त्यांना मी विधवा समजले. त्या विधवा नाहीत, बौद्ध आहेत. पण मला सांगायचंय ते हे नाही. त्या विधवा असत्या तरी ती माझी चूकच होती. दुर्गाबाईंना तर मी बोलावलंसुद्धा नाही. आणि तुमच्यापैकी कुणाला मी जातीसाठी ओलांडलं असं वाटून बरं वाटलं असेल, तर मी तसं केलेलं नाही, आणि करणार नाही. कमळा या संघात खेळणार आहे. सगळ्यांच्या पाठीला हात लावून खो देणार आहे."

रस्त्यावरून समितीची एक मोटार भोंग्यावर ओरडत गेली. मग लक्ष्मीबाई उठली. आवाज न चढवता म्हणाली, "नलू, चल."

नलू पाटीवरून उठेना. आईनं पुन्हा हाक मारली तेव्हा उठली आणि रडत चालू लागली. मराठी माणूस तेवढा एक म्हणणाऱ्या कमलाकांतांच्या घरी ते निळं कापड बहुधा पायपुसणं झालं. लक्ष्मीबाईच्या मागून आणखी एकजण मुलीला घेऊन निघाली. बाईंची नजर तिसरी कोण उठते ते शोधत बाकांवरून धावत होती. एका बाईनं चप्पल पायात सरकवली. पलीकडून चिंचेखालची दुर्गाबाई पुढे आली आणि सुंदराबाईंच्या शेजारी, मध्ये बोटभर जागा न ठेवता, बसली. चप्पल घातलेल्या बाईनं ते पाहिलं, इकडेतिकडे बघितलं आणि पाय परत बाकाखाली घेतले.

नऊ उरल्या. मोजून नऊ, राखीव एकही नाही. नलूच्या जागेवर शकू येऊन बसली. उद्या एकीचा जरी पाय मुरगळला तरी सगळं मुसळ केरात. बाई पोरींकडे नुसत्या बघत राहिल्या, डोळ्यांत पाणी, आणि गळ्यातली शिट्टी मुठीत घट्ट.

सुंदराबाईंनी माफ केलं म्हटलं नाही, आणि केलं नाही असंही म्हटलं नाही.

"बोलून झालं ना बाई?" त्या बाकावरून म्हणाल्या. "मंग वाजवा आता. पोरी बसून आखडल्या."